आईने न दिलेला शब्द

बाबांना सापाची भयंकर भीती. टीव्हीवर साप दिसला की ते उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातात आणि कार्यक्रम संपेपर्यंत पाणीच पीत राहतात. आठ वर्षांचे असताना ते गोठ्यात खाली उभे राहून माळ्यावरून टाकलेलं गवत झेलत होते. गवताबरोबर आलेला साप गळ्याकडून थेट त्यांच्या शर्टात शिरला. त्यांनी बटणं तोडून शर्ट फेकला आणि तो शर्ट पुन्हा कधी अंगाला लावला नाही. अशा माणसाने माझा साप एकोणीस वर्षं सांभाळला. हौस म्हणून नाही. मी त्यांच्याशी खोटं बोलले म्हणून.

मी तेव्हा चौदाची होते. लहान होतीस गं, असं म्हणून माझी सुटका करू नका. चौदाव्या वर्षी थाप मारताना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं.

आई जाऊन सहा महिने झाले होते. कॅन्सर. घरात आम्ही दोघंच. बाबा शाळेची बस चालवायचे. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून डबाबंद सूप गरम करून प्यायचो आणि "मीठ दे" याच्या पलीकडे बोलणं जायचं नाही. अशात डार्सी नावाच्या मैत्रिणीच्या घरी मी कॉर्न स्नेक पाहिला. केशरी, बोटाएवढा जाड, बिनविषारी, गरीब जीव. तो माझ्या मनगटाला वेटोळं घालून बसला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं. झालं, मला साप हवाच झाला.

आमच्याकडे पोरांना काही हवं असलं की ती विज्ञान प्रदर्शनात असतो तसा तीन घड्यांचा पुठ्ठा रंगवतात आणि आईबापांना समोर बसवून भाषण ठोकतात. मीही बाबांना बसवलं. एल्वीमावशी, आईची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहते. खिडकीतून पुठ्ठा दिसल्यावर ती राहते थोडीच, तीही येऊन खुर्ची ओढून बसली.

"भुंकत नाही," मी वाचायला लागले. "केस गळत नाहीत. आठवड्यातून एकदाच जेवतो."

"काय जेवतो?" बाबांनी विचारलं.

"उंदीर. पण मेलेले, बाबा. गोठवलेले मिळतात. फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि कोमट पाण्यात घालून..."

"माझ्या हरणाच्या मटणाशेजारी?"

"वेगळ्या डब्यात."

"रूडी, मला तुझ्याकडे जेवायला बोलावू नकोस हं," मावशी म्हणाली. "म्हणजे आजवर कधी बोलावलंयस अशातला भाग नाही."

बाबा हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "लेम्पी, कुत्रा आण. मांजर आण. बकरी आण हवी तर. ते नाही." साप हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघाला नाही. पुढे तीन आठवडे मी रुसले, दारं आपटली, सूप तसंच टाकून उठले. बाबा ढिम्म हलले नाहीत.

आता त्या पायरीचं सांगते. आम्हा फिनिश लोकांच्या परसात साउना असतोच. लाकडी खोली, आत शेगडी, शेगडीवर तापलेले दगड, आणि शनिवारी पाळीपाळीने सगळ्यांची अंघोळ. शेवटी बाहेरच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून अंग निववत बसायचं. त्या पायरीवर आईचा एक नियम होता. तिथे खोटं बोलायचं नाही आणि तिथे खरं बोलणाऱ्यावर रागवायचं नाही. "आत्ताच तर स्वच्छ धुऊन आलात," ती म्हणायची, "लगेच कशाला मळता?" गणितात नापास झाल्याचं मी तिथेच सांगितलं होतं. मावशीच्या गाडीला पोचा आपल्याच ट्रकने पाडल्याचं बाबांनी तिथेच कबूल केलं होतं. आमच्या घरात बायबलवर हात ठेवण्यापेक्षा त्या पायरीवर बसणं मोठं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी त्या पायरीवर बसून मी म्हणाले, "बाबा, आईने मला शब्द दिला होता. हॉस्पिटलात. लेम्पी, तुला साप घेऊन देऊ, म्हणाली होती."

बाबांच्या खांद्यांवरून वाफ निघत होती. "कधी?"

"शेवटच्या आठवड्यात. तुम्ही बसवर होतात तेव्हा."

"आणखी काय म्हणाली?"

मला वाटलं, ही उलटतपासणी आहे. मी घाईने म्हणाले, "एवढंच. दुसरं काही नाही."

ते आपल्या पायाच्या बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "दिलाय शब्द तर दिलाय." पुढच्या शनिवारी ते मला सापांच्या दुकानात घेऊन गेले आणि स्वतः ट्रकमध्ये बसून राहिले, काचा वर करून.

मावशीला मात्र ते पटेना. "सिल्विया म्हणाली असं? मला नाही बोलली. तुला बोलली, रूडी?"

"नाही."

"कमाल आहे. पडद्याचा रंगसुद्धा तुला विचारल्याशिवाय ठरवत नव्हती माझी बहीण."

"आजारी होती ती, एल्वी," बाबा म्हणाले आणि लाकडं फोडायला निघून गेले. सुटले, असंच वाटलं मला तेव्हा.

सापाचं नाव मी निसू ठेवलं. निसू म्हणजे आई करायची तो वेलदोड्याचा गोड पाव, वेणी घातलेला, वरून तांबूस. गुंडाळून झोपला की तो तसाच दिसायचा. बाबा माझ्या खोलीच्या उंबरठ्यावर उभे राहून विचारायचे, "जेवलं का ते?" उंबरठा काही ओलांडायचे नाहीत.

पुढच्या जानेवारीत मी शाळेच्या बँडबरोबर दोन दिवस बाहेरगावी गेले होते आणि मागे बर्फाचं वादळ आलं. तारा तुटल्या, रस्ते बंद झाले, वीज गेली. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा विजेवरचा, म्हणजे घर गार पडणार, आणि निसूच्या पेटीखालची गरम पट्टीही बंद. मी घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "बघतो मी. तू रस्त्यावर येऊ नकोस." फोन ठेवताना माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आता लपवून काय करायचंय. मेला तर बरं, असं आलं. साप गेला की खोटंही जाईल, कुणी पुन्हा विषय काढणार नाही. ज्या जिवासाठी एवढं केलं त्याच्याबद्दल मी असा विचार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँडच्या गाडीने मला घरापाशी सोडलं. घरात कुणी नव्हतं. साउनाच्या धुराड्यातून मात्र बारीक धूर येत होता. दार उघडलं तर बाबा खालच्या फळीवर बसलेले, दाढी वाढलेली, डोळे लाल. भिंतीवरच्या तापमापकावर त्यांनी माझ्या हिरव्या पेनाने एक पट्टी काढली होती, काटा तिच्या आतच राहायला हवा अशी. माणसाच्या अंघोळीइतका साउना तापवला तर साप शिजून मरेल, म्हणून दर दहा मिनिटांनी काटा बघायचा, एक बारीक लाकूड घालायचं, नाहीतर दार किलकिलं करायचं. असं त्यांनी दीड दिवस केलं होतं.

"निसू कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने आपल्या छातीकडे दाखवलं. फ्लॅनेलच्या शर्टाच्या दोन बटणांमधून केशरी डोकं बाहेर डोकावत होतं.

"उशीच्या अभ्र्यात ठेवला होता आधी," बाबा म्हणाले. जोरात बोललं तर साप हलेल म्हणून ते ओठ न हलवता बोलत होते. "पण आत त्याला गरम होतंय की गार, कळेना. अंगाशी असला की कळतं. काढ आता. हळू काढ."

मी हात घालून निसूला काढलं. बाबांचा बनियन घामाने चिंब होता. मी म्हणाले, "बाबा, एवढं कशाला केलंत?"

"तुझ्या आईने शब्द दिलाय ना," ते म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण ज्या माणसाने माझ्या थापेसाठी साप शर्टात घेतला, त्याला थाप होती म्हणून कसं सांगायचं? मी गप्प बसले आणि मग गप्प बसायची सवयच लागली. मी कॉलेजला गेले, तिथे वसतिगृहात साप चालत नव्हता. नंतर नोकरी, भाड्याचं घर, नवरा. दर वेळी बाबा म्हणायचे, "राहू दे इथेच, शब्द तिने दिलाय, या घराने पाळायचा तो." उंदीर ते स्वतः कोमट पाण्यात घालायचे, चिमट्याने द्यायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे.

गेल्या शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. "लेम्पी, निसू गेला गं." आवाज साधा होता, पण मध्येच त्यांनी फोन खाली ठेवून नाक शिंकरलेलं मला ऐकू आलं. मी शनिवारी चार तास गाडी चालवत पोचले. त्यांनी देवदाराची छोटी पेटी केली होती, आत तोच उशीचा अभ्रा. साउनाच्या मागे आम्ही खड्डा खणला. एल्वीमावशीही आली. एकोणीस वर्षांत तिने स्वयंपाकघराच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, पण त्या दिवशी कॉफी आणि निसूचा पाव घेऊन आली. "सापाच्या मयताला पाव केला मी," ती म्हणाली. "कुणाला सांगितलंत तर बघा." आणि डोळे पुसत घरी गेली.

मग साउना तापवला. आधी मी, मग बाबा. आणि मग पायरी.

बाबा आता बहात्तरचे आहेत. टॉवेल गुंडाळून ते माझ्या शेजारी बसले आणि समाधानाने म्हणाले, "उद्या रविवार. थडग्यावर जाऊन सिल्वियाला सांगून येतो. तुझा शब्द शेवटपर्यंत पाळला म्हणून."

मला ते सहन झालं नाही. "बाबा, तिने शब्द दिला नव्हता."

"काय?"

"आई सापाबद्दल कधी काही बोललीच नाही. मी थाप मारली. इथेच बसून."

मी वाट बघत होते की ते रागावतील. पायरीवर रागवायचं नाही हा नियम, पण नियम मी केव्हाच मोडला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग शेवटच्या आठवड्यात, मी नसताना, काय बोलायची ती तुझ्याशी?"

"झोपलेलीच असायची. जाग आली की एकच विचारायची. रूडीची बस आली का?"

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझी थाप पचली नसती. जी बाई डोळे उघडून नवऱ्याची बस तेवढी विचारते, ती सापाच्या गोष्टी कुठून करणार?

बाबा हळू आवाजात म्हणाले, "माझ्याशी ती हवापाण्याचं बोलायची. रस्ते निसरडे आहेत का, पोरं बसमध्ये दंगा करतात का. आणि तू म्हणालीस, तुला शब्द देऊन गेली. मला वाटलं, मनातलं सगळं पोरीशी बोलली, मला वगळलं. एवढ्या वर्षांत ती एकच गोष्ट मला न विचारता केली तिने, तीसुद्धा जाता जाता, आणि तीसुद्धा सापाची. फार लागलं होतं मला ते."

"बाबा..."

"दर रविवारी फुलं न्यायचो मी. पण रागावून न्यायचो. तिला कधी बोललो नाही, तुला नाही, कुणालाच नाही."

आणखी काय म्हणाली, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं होतं. ती उलटतपासणी नव्हती. आपल्यासाठी काही ठेवून गेली का, एवढंच ते विचारत होते, आणि मी म्हणाले होते, दुसरं काही नाही.

"माझं चुकलं, बाबा," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं.

"चुकलं खरं," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून आत गेले, शर्ट घालून, कोटाच्या खिशात किल्ल्या चाचपत बाहेर आले.

"कुठे निघालात? केस ओले आहेत तुमचे."

"सिल्वियाकडे."

"उद्या रविवार आहे ना. उद्या जाऊ आपण दोघं."

"नाही गं. एकोणीस वर्षं डूख धरून बसलो तिच्यावर, काही कारण नसताना. माफी मागायला हवी. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

ट्रक सुरू झाला, मागे आला आणि रस्त्याला लागला. मी पायरीवर तशीच बसून राहिले. माफी मागायला हवी होती मी, आणि ओल्या केसांनी गेले ते.