कोरडी ड्युटी

डॉक्टरीणबाईंकडून घरी येईपर्यंत अप्पांचा पारा उतरला नव्हता. उभा जन्म बस चालवली आणि म्हातारपणी पोटच्या पोराने पाण्यावर पहारा बसवला! दुपार टळली की बाटली थेट कपाटावर. का, तर चादर ओली होते. चहा मात्र मागाल तितका, कारण चहा मिळाला की म्हातारा गप्प बसतो.

बाईंनी आज मुलाला चांगलंच सुनावलं होतं. "पाणी तोडलं की लघवी दाट होते, आत चुरचुरते, मग घाई जास्तच होते. वर चहाचा मारा! चहा कमी करा, दिवसभर थोडंथोडं पाणी द्या. झोपायच्या आधी तेवढं बेताने."

मुलगा तिथे मान डोलावत होता. घरात पाऊल टाकताच पलटला.

"बोलायला त्यांचं काय जातंय? चादरी त्या धुणार आहेत का?"

"मी धुतो!" अप्पा गरजले. "काढ ती बाटली खाली. गुरालासुद्धा कोणी असं तहानलेलं ठेवत नाही!"

मुलाने बाटली टेबलावर आदळली. "तुम्हीच शिकवलंत ना? ड्रायव्हरने कोरडं राहायचं, म्हणजे गाडी थांबवावी लागत नाही. आता मीही बसच चालवतो, राहतोच की पाण्याविना!"

अप्पांनी शिकवलं होतं खरं, तेही मिशीवर ताव देत. डेपोतल्या संडासाला कुलूप, वाटेत थांबलं तर साहेबांच्या शिव्या. तेव्हा तीच हुशारी वाटायची. त्यांनी पोराकडे नीट पाहिलं. ओठ फुटलेले, एक हात ओटीपोटावर दाबलेला.

"जळजळतं?"

"कधीकधी."

"रक्त जातं?"

मुलगा भिंतीकडे बघत राहिला.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डेपोचा राग आला, साहेबांचा आला, या गाढवाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्यांनी हिसका देऊन बाटलीचं झाकण काढलं. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"पी. चपला काढू नकोस, परत बाईंकडे जायचंय. आता तुला दाखवायला."

मुलाने बाटली घेतली, पण तोंडाला लावेना.

"नको अप्पा. तासाभरात ड्युटी आहे."

"खड्ड्यात गेली ड्युटी!" अप्पांनी दाराला आतून कडी घातली आणि बाटली रिकामी होईपर्यंत तिथून हलले नाहीत.