चाळीस टक्के छत

माझ्या सासूबाईंचा, शेदलियांचा, माझ्या नोकरीवर विश्वास नाही. पगारावर आहे. आमच्या जेर्बा बेटाच्या विमानतळावर बसून मी तेवीस वर्षं हवामानाचा अंदाज सांगतो. त्यांच्या मते तो मी विमानांनाच सांगावा, कारण विमानांना घरदार नसतं.

त्या सप्टेंबरात मात्र त्यांना माझी गरज पडली. माझ्या मुलीचं, सिरीनचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. नातीच्या लग्नात पाहुण्यांना चहा मिळेल तो अंगणातल्या टाक्याच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याचाच, असं सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं. नळाच्या खारट पाण्याचा चहा पिऊन ठरलेली लग्नं मोडतात, असं त्यांचं मत. टाक्यात त्या वेळी एक बादली आणि तिचा तुटलेला दोर एवढंच होतं.

टाकं भरायचं म्हणजे आधी छत झाडून पांढरंशुभ्र करायचं. पाऊस आला की पहिलं पाणी छत धुतं, ते अंगणात सोडून द्यायचं. धार नितळ झाली की टाक्याच्या तोंडातला बोळा काढायचा. अडचण एकच. सप्टेंबरात छतावर वर्षभराच्या हरिसाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लाल तिखट चटणीच्या, मिरच्या वाळत पडलेल्या असतात.

महिन्याभरात दोनदा मी त्या मिरच्या उचलायला लावल्या होत्या. दोन्ही वेळा छत कोरडं राहिलं.

"पाऊस पडला होता, आई," मी म्हणालो होतो. "ढगाखाली पडदा लोंबत होता, तो पाऊसच. पण खालची हवा कोरडी, वाटेतच विरून गेला."

"म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखा. निघायचे घरी यायला, पोचायचे कॉफीच्या दुकानात."

तिसऱ्या वेळी, एका गुरुवारी, समुद्रावरून दमट हवा येत होती. मी दुपारी कचेरीतून फोन केला.

"आई, आज चाळीस टक्के शक्यता आहे."

"चाळीस टक्के म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे असे दहा दिवस असले, तर त्यातल्या चार दिवशी पाऊस येतो."

"दहा दिवस घेऊन काय करू, जावईबापू? मला आजचा सांगा."

"चाळीस टक्के."

"बरं. चाळीस तर चाळीस." त्यांनी फोन ठेवला.

चारला घरी आलो तर बायको, रफीका, जिन्यात डोक्याला हात लावून बसलेली. वर गेलो. सासूबाईंनी पावलं मोजून छतावर खडूची रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे छताचा चाळीस टक्के भाग आरशासारखा लख्ख, पलीकडच्या साठ टक्क्यांवर मिरच्या. तेवीस वर्षांत माझा अंदाज इतक्या काटेकोरपणे कुणी पाळला नव्हता.

मी तोंड उघडणार तोच समोर लक्ष गेलं. दुपारी फुलकोबीसारखा फुगलेला ढग आता माथ्यावर ऐरणीसारखा सपाट झाला होता. बूड काळंनिळं. वारा थांबला, आणि मग एकदम गार होऊन अंगावर आला.

"आई, शंभर टक्के!"

"हे आत्ता सांगताय?"

पहिला थेंब माझ्या चष्म्यावर पडला. पुढचे कुठे पडले ते दिसलं नाही. रफीका, सिरीन आणि मी चादरी घेऊन मिरच्यांवर तुटून पडलो. सासूबाई खाली टाक्यापाशी धावल्या. पन्हाळीतून लालसर पाणी आलं. त्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं.

"तिखट!"

आम्ही शेवटची चादर जिन्यात ढकलली. धार गुलाबी झाली, मग जवळजवळ पांढरी.

"आई, बोळा काढा!" मी वरून ओरडलो. पश्चिमेला ढगाची कड उजळायला लागली होती. "फार तर सात मिनिटं उरलीत!"

"अजून जीभ चुरचुरतेय!"

"आई, हा एकटाच ढग आहे. याच्या मागे कुणी नाही!"

त्यांनी एकदा ढगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यातल्या त्यात कोण बरा, ते ठरवत असाव्यात. मग "बिस्मिल्ला" म्हणून बोळा खेचला.

सात नाही, एकोणीस मिनिटं कोसळला. हा अंदाज चुकल्याबद्दल मला आजवर कुणी बोललेलं नाही. आम्ही चौघं चिंब होऊन टाक्याच्या तोंडाशी वाकून आतला आवाज ऐकत होतो. बादली तरंगायला लागली तशी सिरीनने आजीला उचलून गरकन फिरवलं. आजी शिव्या देत होती आणि "अजून एकदा" म्हणत होती.

अकरा किलोमीटरवरच्या विमानतळावर थेंबही पडला नाही. सरकारी नोंदीत त्या दिवशीचा पाऊस शून्य आहे.

लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांनी चहाचा पहिला घोट घेतला, खोकले, डोळे पुसले. रफीकाने माझा हात घट्ट धरला. त्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे धरला.

"अजून द्या. पुदिना तर कळला. आणखी काय घातलंय यात?"

"पाऊस," सासूबाई चहा ओतत म्हणाल्या.

"नुसता पाऊस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कौतुकानेच, असं मी धरून चालतो.

"चाळीस टक्के."