आईंच्या कॉम्प्युटरचा जुना आवाज

मुलगा कामासाठी महिनाभर परगावी गेला आणि जाता जाता आईवर एक उपकार करून गेला. तिच्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम बदलून त्याने नवीकोरी टाकली. "आता बघ कसा पळतो," म्हणाला आणि बॅग उचलून निघाला.

आईंना दिसत नसे. ऐन उमेदीत नजर हळूहळू गेली आणि तेव्हापासून त्या कानांच्या जोरावर काम करत आल्या होत्या. कुणाच्या सभा, कुणाच्या मुलाखती, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल, अशी रेकॉर्डिंग त्यांच्याकडे येत आणि त्या ऐकून टाइप करून देत. टेबलाखाली पायाशी एक पेडल असे. दाबलं की रेकॉर्डिंग चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की थोडं मागे. आणि पडद्यावर काय आलंय ते कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवी. तो वाचणारा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडत जाई. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे, आईंना मात्र स्वल्पविरामसुद्धा ऐकू येई.

नव्या सिस्टीममधली बाई गोड बोलायची, पण रमतगमत. तिला घाई केली की शब्द गिळायची. आणि पेडल तर नवी सिस्टीम ओळखायलाच तयार नव्हती. आईंनी मुलाला फोन लावला.

"होईल गं सवय, आई."

"मला होईल रे. पेडलला कशी होणार?"

चार दिवस त्यांनी जोर लावून पाहिला. काम साचत गेलं आणि गोड बाईचं गोड बोलणं ऐकून डोकं उठलं. शेवटी सुनेच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळचा चहा संपता संपता त्या म्हणाल्या, "आज दुपारी काही काम आहे का तुला? जुनी सिस्टीम परत टाकायचीय."

सून शहरातली बस चालवायची. गर्दीच्या चौकात भलीमोठी बस वळवताना तिचा हात कापत नसे, पण कॉम्प्युटर म्हटला की ती दोन पावलं लांब उभी राहायची. "मला काय येतंय त्यातलं? दुकानातल्या माणसाला बोलवूया ना."

"तो पुन्हा नवीच टाकून जाईल. कसं करायचं ते मला येतं, अंधांच्या कॉम्प्युटर वर्गात शिकवलं होतं आम्हाला. पण सिस्टीम टाकताना कॉम्प्युटर मुका असतो. तो मुका, मी आंधळी. मधे कुणीतरी नको का?"

"आणि तिसरी मी अडाणी," सून हसली. "छान जमलं की त्रिकूट."

दोघी टेबलाशी बसल्या. पहिलं काम साफसफाईचं. डिस्कचे दोन भाग होते, एकात सिस्टीम आणि दुसऱ्यात आईंचं काम. पण सिस्टीम बदलल्यापासून आईंच्या नव्या फायली सिस्टीमच्या भागात जात होत्या आणि त्या कामाच्या भागात हलवायच्या तर तिथे तीळभर जागा नव्हती. बदल करताना घेतलेल्या प्रती, अर्धवट उतरवलेले अपडेट, तात्पुरत्या म्हणून तयार झालेल्या आणि कायमच्या राहिलेल्या फायली, सगळं तिथे ठासून भरलं होतं.

"म्हणजे पाहुणे गेले, पण बोचकी ठेवून गेले," सून म्हणाली.

"बरोबर. पण उचलण्याआधी प्रत्येक बोचक्याचं नाव वाच. आपलंच गाठोडं नको बाहेर जायला."

सून नाव वाची, आई "काढ" किंवा "राहू दे" म्हणत. मधूनच गोड बाई संथपणे विचारी, आपली खात्री आहे का? "आहे गं बाई, आहे," म्हणत सून बटण दाबी. जागा झाली, फायली हलवून झाल्या, आईंनी पेनड्राइव्हवर एक प्रतही करून घेतली. मग ड्रॉवरमधून जुनी सीडी काढली आणि कॉम्प्युटर बंद करून सीडीवरून सुरू केला.

आता खोलीत पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

"निळा पडदा आलाय," सून सांगू लागली. "भाषा विचारतोय... आता अटी मान्य आहेत का म्हणतोय."

"मान्य कर. वाचत बसलीस तर रिटायर होशील."

मग डिस्कच्या भागांची यादी आली. "बाण एकदा खाली," आई म्हणाल्या. "मग पुसायचं बटण."

सुनेने बाणाचं बटण दाबलं आणि पुसण्याच्या बटणाकडे बोट नेलं. आईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"थांब! बटण दोनदा वाजलं. मी एकदाच म्हटलं होतं."

सुनेने पाहिलं. खुणेची पट्टी खालच्या ओळीवर गेली होती, मोठ्या आकाराच्या भागावर. तो आईंच्या कामाचा भाग होता. तिने बोट असं मागे घेतलं, जणू तव्याला लागलं.

"आई गं," ती पुटपुटली. "इतक्या जोरात ब्रेक मी रस्त्यावरही कधी मारला नव्हता."

"लागला ना वेळेवर? झालं तर मग. पाणी पी आणि पट्टी वर घे."

योग्य भाग पुसला गेला आणि सिस्टीम उतरू लागली. ते काम गोगलगायीच्या गतीने चाललं. हात मोकळे होते, म्हणून आईंनी विचारलं, "सकाळी पहिली बस काढतेस तेव्हा रस्ता कसा असतो गं?" सुनेला नवल वाटलं, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. ओला रस्ता झाडणारी गाडी, दुकानांची खाली ओढलेली शटरं, दर पहाटे त्याच थांब्यावर चढणारी आणि बसल्या बसल्या झोपणारी नर्स, तिचा थांबा आला की आरशात बघून तिला हाक मारायची स्वतःची सवय. मधेच "पंचाहत्तर टक्के" असं ती थांब्याचं नाव पुकारल्यासारखं सांगी. आई मान डोलवत ऐकत राहिल्या.

अखेर शंभर टक्के झाले. कॉम्प्युटर सुरू झाला. आणि आवाज नाही.

"दिसतंय सगळं," सून म्हणाली, "पण कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर लाल फुली आहे."

आई दचकल्या नाहीत. "साउंडचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. कपाटात वरच्या फळीवर बुटांचा खोका आहे, त्यात बघ."

खोक्यात बूट सोडून सगळं होतं. तळाशी हवी ती सीडी सापडली. यावेळी सुनेने स्वतःच प्रत्येक ओळ वाचली आणि प्रत्येक बटण एकदाच दाबलं. फुली गेली. वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकल्यावर स्पीकर खरखरला आणि गारांचा मारा सुरू झाला.

आईंचा चेहरा असा खुलला, की सुनेने हातातला खोका तसाच धरून ठेवला. पेडल जोडलं, आईंनी पाय ठेवला. रेकॉर्डिंग चालू. सोडलं. बंद. टाच दाबली, थोडं मागे. "आहे," त्या म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "नवी काढून टाकलीस? आई, जुनी सिस्टीम नेटवर धोक्याची असते."

"नेटची वायर काढून ठेवलीय. रेकॉर्डिंग तू घरी ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर घेणार, तपासणार आणि पेनड्राइव्हने इकडे आणणार. लॅपटॉप तू आलास की मागून घे, मिळाला तर."

"पण हे केलं कुणी?"

"तुझ्या बायकोने."

"तिने? तिला तर टीव्हीचा रिमोटसुद्धा—"

"जपून बोल रे, स्पीकर चालू आहे."

सून भाजी चिरता चिरता मोठ्याने म्हणाली, "ऐकतेय हं मी!"  तो पडेल आवाजात म्हणाला, "बरं केलंत."

आईंनी जेवणाआधीच डॉक्टरांचा अडकलेला अहवाल पुरा केला. सुनेने तो लॅपटॉपवरून पाठवला, आणि गेला की नाही ते आईंनी न विचारताच, पडद्यावरची ओळ वाचून दाखवली.