मामाला नाही म्हणायचं नसतं

रोतुआ पार्देदेचं डोकं कशानं फिरत असेल, तर पाठ्यपुस्तकातल्या स्वतःच्या देशावरच्या धड्यानं. विषयाचं नाव भारदस्त होतं, 'जगाचे प्रदेश, संस्कृती आणि व्यापार'. एकेका देशाला एकेक धडा आणि धड्याच्या शेवटी तिथली माणसं कशी वागतात त्याचा तक्ता. जर्मन माणूस थेट बोलतो. जपानी माणूस वाट पाहतो. आणि इंडोनेशियाचा माणूस म्हणे तोंडावर कधी 'नाही' म्हणत नाही. तो हसतो, खाली बघतो आणि 'बघू या' म्हणतो.

"हे लिहिणारा एकदा आमच्या बालिगेला येऊन गेला असता ना, तर परतीच्या बोटीतच धडा फाडून तळ्यात टाकला असता त्यानं," रोतुआ म्हणायची.

बालिगे तोबा तळ्याच्या काठावर. तिथली बाताक माणसं शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागतात तेव्हाही परक्याला वाटतं, आता हातघाईवर येणार. त्यांच्यातली ही पोरगी दूर जावा बेटावर, जोगजा शहरातल्या कॉलेजात येऊन पडली होती. इथली माणसं इतकी मऊ, की नळ चालू राहिला तर घरमालकीण ओरडायची नाही. "आज पाणी किती छान येतंय," एवढंच म्हणायची आणि निघून जायची. रोतुआला ते कळायला पहिला पावसाळा गेला.

वार्षिक परीक्षेआधी सौद्याची तालीम झाली. रोतुआ कॉफी विकणारी, वाह्यू जर्मन गिऱ्हाईक. वाह्यू जावातल्याच सोलो गावचा. खुर्चीवर मांजर बसलं असेल तर त्याची माफी मागून शेजारी उभा राहणारा मुलगा. पण जर्मन व्हायला मिळाल्यावर त्याला असा काही चेव चढला की त्यानं टेबलावर मुठी आपटल्या, घड्याळ दाखवलं, वर "फालतू वेळ नाही माझ्याकडे" असंही म्हणाला. त्याला पैकीच्या पैकी. रोतुआनं भाव ऐकून एक घाव दोन तुकडे केले, "नाही परवडत. उठा." तिचे निम्मे मार्क कापले गेले.

"तुझं वागणं इंडोनेशियन वाटलं नाही गं," रेत्नोबाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या. त्याच हा विषय शिकवायच्या.

"बाई, मी इंडोनेशियनच आहे."

"हो ना. पण धड्यातल्यासारखी नाहीस."

यावर माणसानं करायचं काय? रोतुआनं वसतिगृहावर जाऊन उशी बडवली.

मार्कांचं तिला एवढं नव्हतं. खरी गोष्ट होती बुसानची. खऱ्या परीक्षेला कॉफी निर्यात करणारे एक व्यापारी यायचे होते, आणि ते एकाच मुलाला सहा महिन्यांसाठी आपल्या कोरियातल्या बुसानच्या कचेरीत नेणार होते. त्या जागेसाठी रोतुआ दोन वर्षं रात्रीचा दिवस करून कोरियन शिकली होती. दुसरं काही तिला नकोच होतं.

फलकावर परीक्षक म्हणून त्या व्यापाऱ्यांचं नाव लागलं, नाबाबान. रोतुआ नाचायचीच बाकी राहिली. "बाताक आहे रे, बाताक," तिनं वाह्यूला हलवून सांगितलं. "हा तक्ता-बिक्ता बघणार नाही. याला रोखठोक बोलणारंच माणूस हवं असणार."

नाबाबानसाहेब आले. आवाज असा की कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती. सौदा करायला ते स्वतः गिऱ्हाईक होऊन बसले आणि आधी तिच्या नावाकडे बघितलं.

"पार्देदे? कुठली गं तू?"

"बालिगेची."

"आई कुणाकडची?"

बाताक मुलाला हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप येतं, मध्ये विचाराला जागाच नसते. "नाबाबानांकडची," रोतुआ म्हणाली, आणि बाताक परीक्षक मिळाल्याच्या आनंदात आपण काय विसरलो ते म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं.

मग दोघं मूळपुरुषापासून पिढ्या मोजत खाली आले. वर्ग तोंडाकडे बघत राहिला. साहेबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मी तुझा मामा की पोरी."

झालं. मामा आजच भेटला काय, जन्मभर न भेटला काय, आईच्या कुळातला तो मामाच. आणि आईकडची माणसं म्हणजे दिसणारे देव. त्यांना उलट बोललं की पीक जळतं आणि पाळणा हलत नाही, हे रोतुआनं आईच्या मांडीवर ऐकलेलं.

"बोल, निम्म्या भावात देतेस कॉफी?"

तिच्या ओठावर 'नाही' होतं. चांगलं धारदार, दोन वर्षं घासून ठेवलेलं. ते आलं तसं तिनं गिळलं. ती हसली. खाली बघितलं.

"बघू या, मामा."

"बघायचं काय? आणखी थोडा उतरव."

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

रेत्नोबाईंना भरून आलं. "धड्यातल्यासारखं," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

बुसानची जागा वाह्यूला मिळाली.

रोतुआनं साहेबांना जिन्यावर गाठलं. "मामा, माझं काय चुकलं?"

"अगं, निम्म्या भावात माल देऊन बसलीस तू. मला तिकडे 'नाही' म्हणणारं माणूस पाहिजे."

"तुम्हाला कसं नाही म्हणू? तुम्ही मामा आहात."

"धंद्यात कसला मामा?"

"मग आईचं कूळ कशाला विचारलंत?"

साहेब थांबले. आवाज पहिल्यांदा खाली आला. "विचारल्याशिवाय तुझ्याशी बोलायचं कसं, पोरी? आणि एकदा विचारलं म्हटल्यावर, तू कितीही भांडली असतीस तरी जागा तुला देता आली नसती. मामानं भाचीला दिली म्हणाले असते सगळे." मग त्यांचा चेहरा खुलला. "रविवारी घरी ये. मामी मासा करेल. आपल्यात मामाच्या हातून मासा घेतला की भाचीचं भलं होतं."

तेल गेलं, तूप गेलं, हाती आला मासा. आणि तोही नाकारता येणार नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिकडे बातमी आधीच पोचली होती.

"अगं, जोगजात मामा सापडला म्हणे तुला? मानानं बोललीस ना? उलट नाही ना काही बोललीस?"

"नाही आई."

"आणि परीक्षक तोच होता ना? मग काय, तुझं कोरियाचं काम झालंच म्हणायचं."

आईच्या आवाजात इतका आनंद होता की रोतुआला राग राग आला. आईचा, मामाचा, त्या धड्याचा. सांगून टाकावं, मोडून टाकावं एकदाचं.

"बघू या, आई," ती म्हणाली, आणि हसली.