ताप नाही

कापूस बुडाल्याच्या त्या वर्षांत जिल्ह्यात चौकशीची इतकी पथकं येऊन गेली, की शेवटी डुकरांचीही पाळी आली. मुकुटबनजवळच्या पंचवीस घरांच्या पोडावर, आदिवासी वस्तीवर, धावजी डुकरं पाळायचा. त्याच्या बारा डुकरांचं रक्त तपासायला गेलं आणि दोन महिन्यांनी अहवाल आला: नऊ डुकरांत मेंदूज्वराच्या विषाणूच्या खुणा. डुकराला स्वतःला त्याचं काही होत नाही. डास आधी त्याला चावतो, मग माणसाला. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी खाली फॉर्म पाठवून विचारलं होतं, पोडावर माणसांत ताप आढळला का? नसल्यास लस पाठवण्याचं कारण नाही.

उत्तर आरोग्यसेवक नागोरावनं आधीच लिहून ठेवलं होतं: निरंक. दर पंधरा दिवसांनी घरोघर ताप विचारायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख, सही टाकायची, अशी पद्धत. वेचणीच्या दिवसांत घरं कुलपात. भिंत मात्र बाहेरच असते. एक पाय जमिनीला टेकून, सायकलवरूनच तो ‘ताप नाही’ लिहीत जाई. नियमितपणाबद्दल त्याचं दोनदा कौतुकही झालं होतं.

वेचणीतल्या अशाच एका दिवशी पोडावरच्या मानीबाईच्या घरातून, कुलपामागून आवाज आला. बकरी असेल, असं ठरवून तो पुढं गेला. चौथ्या दिवशी तिची आठ वर्षांची गंगी झटके येऊन गेली. तेव्हापासून त्याला कुठल्याही बंद दारामागं बकरी ऐकू येई. तहसीलच्यासुद्धा.

आज तो गेला, तर मानीबाई ओट्यावर तूर निवडत होती. मागं दोन धाकटी लेकरं. दिवाळीला तिनं सगळी भिंत पांढऱ्या मातीनं सारवली होती, त्याची सही तेवढी सोडून. सरकारी अक्षर पुसलं तर गुन्हा लागेल, असं तिला वाटे. वाचता येत नव्हतं.

“भाऊ, एक इचारायचं राह्यलं,” ती म्हणाली. “त्या दिवशी गंगीले आत निजवून म्या वेचणीले गेलती. तिनं पाणी मांगतलं काय तुमाले? मले म्हणे, भाऊ आलते, म्या हाक मारली. मले वाटलं, तापात बरळून राह्यली.”

“पाणी नाही मांगतलं,” नागोराव म्हणाला. “‘भाऊ’ म्हणली, एकदाच. मले आयकू आलतं. म्या थांबलो नाही.”

मानीबाई पुन्हा तूर निवडू लागली. शिवी आली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं फॉर्म काढून ‘निरंक’वर काट मारली. ताप: एक. मृत्यू: एक. पोरीचं पूर्ण नाव विचारलं. तिनं सांगितलं, हळू, जपून. खाली आणखी एक रकाना होता: उशिरा कळवण्याचं कारण. त्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि साहेबांच्या ऑफिसच्या वाटेला लागला.