'मुदतभर' या शब्दाशेजारचा चौकोन

९ मार्च २०१६, बुधवार, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळावरील सात सदस्यांच्या वेतनाचा मसुदा मसुदालेखकांच्या टेबलावर होता. कचेरी त्यांना 'स्वल्पविराम' म्हणे, कारण एक स्वल्पविराम चुकला तरी ते कागद पुढे सोडत नसत.

तिसऱ्या ओळीत लिहिले होते: 'दरमहा अडुसष्ट हजार, मुदतभर कायम.'

खात्याच्या सचिवांनी आत येऊन दार लोटले. "हा 'मुदतभर' खोडा. 'शासन ठरवील तोपर्यंत' घाला."

"पण साहेब, मग वेतन केव्हाही कापता येईल."

"अरे वा, स्वल्पविरामाला पूर्णविरामही कळतो! उद्या रंगकारखान्याच्या परवान्यावर मतदान आहे. पगार हलू शकतो म्हटलं की माणूस हात वर करताना विचार करतो. आणि बदल्यांची यादी माझ्याच कपाटात आहे, बरं का."

लेखकांना घर आठवले. अर्धांगवायूनंतर पत्नीचा उजवा हात उठत नव्हता. तिची वेणीसुद्धा तेच घालत. बदली झाली तर तिला सांभाळणार कोण? तेवढ्यात तिचाच फोन आला. त्यांनी दबक्या आवाजात 'हॅलो' म्हटले.

"अहो, आवाज असा का? साहेबांनी गिळलं की काय?"

"अजून चावतायत," ते पुटपुटले आणि फोन ठेवला.

त्यांनी पेन उचलून शब्दावर टेकवले. खोडायचेच ठरवले होते. पण छत्तीस वर्षांच्या सवयीने हात आधी समासात गेला आणि एक लहानसा चौकोन आखून बसला.

"साहेब, खाडाखोडीशेजारी... बदल सांगणाऱ्याची लघुस्वाक्षरी लागते."

"तुम्हीच करा की."

"मसुदा माझा, साहेब. बदल आपला." त्यांनी मसुदा सचिवांपुढे सरकवला.

सचिवांनी खिशातले पेन काढून त्या रिकाम्या चौकोनावर धरले. मग त्याला पुन्हा टोपण घालून ते निघून गेले.

मसुदा होता तसाच वर मंत्र्यांकडे गेला. तो अडवायचा तरी सचिवांना लेखी शेरा मारावा लागला असता. संध्याकाळी मंजुरी आली. गुरुवारी सातांपैकी पाच हात कारखान्याविरुद्ध वर झाले.

शुक्रवारी टेबलावर बंद पाकीट होते. ते उघडायला लेखकांना बारा मिनिटे लागली.

नव्या कचेरीचे घरापासून अंतर: चारशे बारा किलोमीटर.