पाकिटावरची बारीक अक्षरे

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. भोवती पितळी कडे, खाली शिसवी मूठ आणि स्वभाव चौकस. दुसऱ्याच्या बारीकसारीक गोष्टींत नाक खुपसण्यातच माझा जन्म गेला, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

सुरतेच्या एका कारागिराने माझी काच घासून घासून घडवली. तिथल्याच दुकानातून मला पितांबरआबांनी विकत घेतले. तेव्हा ते तरुण होते आणि शहाद्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, कापसाची प्रतवारी करायला नुकतेच लागले होते. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ते ओढत, धाग्याची लांबी बघत आणि मग मला वर धरत. पानांचा चुरा, किडीचा डाग, काही म्हणजे काही माझ्या नजरेतून सुटत नसे. रुई पिवळट दिसली की आबा एकच शब्द बोलत, "दुय्यम." मग व्यापाऱ्याने कितीही हुज्जत घातली तरी तो शब्द बदलत नसे. त्या काळी माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

पुढे तपासणीचे यंत्र आले, आबा निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी पडलो. कधीमधी आबांची नात रुचिका मला अंगणात नेऊन मुंग्या बघायची. तेवढाच जिवाला विरंगुळा.

रुचिका दहा वर्षांची. तिला आकडी यायची. एकदा तर वर्गात फळ्यापुढेच कोसळली होती. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि त्यानंतर सव्वा वर्षात एकदाही आकडी आली नाही. घर सुखात होते.

गेल्या हिवाळ्यात नेहमीची पांढरी गोळी दुकानात मिळाली नाही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पिवळी दिली. "औषध तेच आहे," तो म्हणाला, आणि ते खरेही होते. पण तिसऱ्या दिवशी सकाळी रुचिकाच्या हातांवर लाल गांध्या उठल्या. खाजवून खाजवून पोर हैराण झाली.

आबांनी पिवळी गोळी तळहातावर घेतली आणि लगेच निकाल दिला. "पिवयी शे. माल दुय्यम शे. आजपासून ह्या गोया बंद!" पाकीट त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले. आयुष्यभर कापूस पाहिलेला माणूस, दुसरे काय करणार? मला मात्र धस्स झाले. गोळी अचानक थांबली तर आकडी पुन्हा येऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरात त्याची इतकी चर्चा झाली होती की खणात पडल्या पडल्या मलाही ते पाठ झाले होते.

रुचिकाची आई हेमांगी सासऱ्यांशी वाद घालत बसली नाही. तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. "मनाने काही बंद करू नका. दोन्ही पाकिटे घेऊन लगेच या," ते म्हणाले. मग तिने मला खणातून काढले आणि आबांच्या हातात दिले.

"आबा, तुम्हीन भिंग न लावता कधी कापूसनी गाठ पास करी का? मंग हाई पाकीट बी आधी देखा."

आबा वरमले. रुचिकाच्या फाइलीतले जुने रिकामे पाकीट आणि खिशातले नवे, दोन्ही त्यांनी उजेडात शेजारी शेजारी ठेवले. किती वर्षांनी मला काम मिळाले! औषधाचे नाव एक, ताकद एक. पण नव्या पाकिटावर अगदी खाली, मुंगीच्या पायांसारख्या बारीक अक्षरांत, रंगाचे नाव होते, टार्ट्राझीन. जुन्यावर ते नव्हते.

लगेच सगळे नंदुरबारला निघाले, आबांच्या खिशात मीही. डॉक्टरांनी रुचिकाचे डोळे, तोंड, ताप, सगळे तपासले. "मला या रंगाचा संशय आहे," ते म्हणाले. "तो सगळ्यांना नाही, एखाद्यालाच बाधतो. पण आकडीच्या गोळ्या चालू असताना अंगावर काही उठले, तर कारण आम्ही शोधायचे. तुम्ही लगेच आलात, हे फार बरे केलेत." त्यांनी तेच औषध बिनरंगाच्या गोळीत दिले. सकाळची गोळी उशिरा झाली, पण चुकली नाही. चार दिवसांत गांध्या गेल्या, आणि आकडी काही आली नाही.

त्या दिवशी आबा रुचिकाला म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी, बेटा. गोयी दुय्यम नव्हती." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मित्रांनो, गोळीत औषधाशिवाय रंग असतो, गोडी असते, तिला घट्ट बांधणारी पूडही असते. पाकीट बदलले तर नीट वाचा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. आणि तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याची काच पुसून ठेवा.

काल रुचिकाने मला नव्या पाकिटावर धरले. "आबा, आठे 'एक्सिपियंट्स' लिखेल शे. ते काय ऱ्हास?"

शब्द मोठा करून दाखवणे एवढेच माझ्या हाती; गोळीतल्या औषधाशिवायच्या जिनसांचे हे नाव, हे मलाही नंतर कळले. मी आबांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"माले नही माहीत, बेटा," आबा म्हणाले. "चाल, इचारी लेवूत." आणि औषधाच्या दुकानात जायला त्यांनी चपला घातल्या.